आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या तीन हकिगती

शुभवर्तमानांतला विरोध दाखवायला कुणी आलं की माझ्या वडिलांचा चेहरा खुलायचा. घरी पाहुणा आला, चहा झाला, आणि तो सहज म्हणाला की तुमच्या पुस्तकात एका ठिकाणी एक आंधळा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दोन, तर बाबा खुर्ची पुढे ओढायचे. बीडच्या बसस्टँडवर त्यांनी कंट्रोलरची नोकरी केली. फलक एक सांगतो, कंडक्टर दुसरंच सांगतो आणि खिडकीशी आलेला प्रवासी तिसरंच ऐकून आलेला असतो. या तिघांचा मेळ घालून माइकवर शांत आवाजात बोलायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, मेळ घालायची सवय सुटली नाही. ती त्यांनी मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघा शुभवर्तमानकारांकडे वळवली.

आमचं गाव लिंबागणेशच्या पुढे. ख्रिस्ती घरं मोजकी, चर्च पत्र्याचं. मी बीडच्या एका शाळेत मराठी शिकवते. आई गेल्यापासून शनिवारी दुपारी स्कूटीवर गावी यायचं, बाबांचं आठवड्याचं बघायचं आणि सोमवारी पहाटे परत, असा माझा क्रम. त्यामुळे रविवारच्या उपासनेनंतर ओट्यावर रंगणारी चर्चा मी वर्षानुवर्षं ऐकलेली आहे. तिथे फक्त आमचेच लोक नसायचे. शेजारच्या मळ्याचे मालक, गावातले एक वजनदार बागायतदार, रविवारी मुद्दाम येऊन बसायचे. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं, पण वादाची चव होती.

एकदा त्यांनी विचारलं, "मास्तर," कंट्रोलरला गाव मास्तरच म्हणायचं, "तुमच्या प्रभूला धरून देनाऱ्या त्या फितूर शिष्याचं काय झालं? एकीकडं म्हनतात फाशी घेतली. दुसरीकडं म्हनतात पडला आन् पोट फुटलं. खरं काय?"

"दोन्ही," बाबा म्हणाले. "फाशी घेतली. दोर तुटला किंवा फांदी मोडली. खाली खडक. एकानं सुरुवात लिहिली, दुसऱ्यानं शेवट."

बागायतदारांनी मान डोलावली. "पंचनामा असाच असतोय. पंच दोन, मयत एक."

आमचे पाळक तरुण होते. सेमिनरीत शिकलेले, महिन्यातून दोनदा मोटरसायकलवर यायचे. ते म्हणाले, "काका, प्रत्येक लेखकाचा उद्देश वेगळा असतो. प्रत्येकानं आपल्या वाचकांसाठी लिहिलं. सगळं जुळवायलाच पाहिजे असं नाही."

"उद्देश वेगळा असेल हो पाळकसाहेब," बाबा म्हणाले, "पण माणूस एकदाच मेला."

बाबांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे पौलाचा पालट. ख्रिस्ती लोकांना धरायला निघाला असताना दिमिष्काच्या वाटेवर त्याला प्रकाश दिसला आणि वाणी ऐकू आली, ही हकीगत प्रेषितांच्या एकाच पुस्तकात तीनदा येते आणि तिन्ही वेळेला थोडी बदलते. एकदा सोबतचे लोक उभे राहतात, एकदा सगळे जमिनीवर पडतात. एकदा त्यांना वाणी ऐकू येते, एकदा येत नाही. बाबा ही गाठ अशी सोडवायचे: आवाज ऐकू आला, शब्द कळले नाहीत. "स्टँडवर मी बोलायचो तेव्हा हजार माणसं ऐकायची. समजायचं कुणाला? ज्याची गाडी असेल त्याला." यावर लोक मनापासून हसायचे, कारण स्टँडवरचा तो माइक सगळ्यांनी ऐकलेला होता.

इतका समंजस माणूस आपल्या सख्ख्या भावाशी सहा-सात महिने बोलत नव्हता. निमित्त झालं एका दगडाचं.

पत्र्याचं चर्च पाडून मंडळीनं स्लॅबचं बांधायला घेतलं. पाळकसाहेबांनी सुचवलं की दर्शनी भिंतीत एक कोनशिला बसवू आणि गावात पहिला बाप्तिस्मा ज्यांनी घेतला त्यांच्याविषयी दोन ओळी कोरू. पहिले म्हणजे माझे आजोबा. त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. दोन ओळी काय असाव्यात, एवढंच ठरायचं होतं, आणि ते काम साहजिकच आमच्या घराकडे आलं.

बाबांची हकीगत आम्ही लहानपणापासून ऐकलेली. आजोबा दोर वळायचे. पोळ्याच्या आधी नेकनूरच्या बाजारात कासरे, वेसणी विकायला बसायचे. तिथे एक उपदेशक पेटी वाजवत भजन म्हणत होता. आजोबांनी ते ऐकलं, वचन काळजात शिरलं, आणि ते दोर तिथेच टाकून उपदेशकाच्या मागे निघाले. "प्रभूच्या हाकेसरशी कोळ्यांनी जाळी टाकली, तसे यांनी दोर टाकले," हे वाक्य बाबा दर वेळेला त्याच चालीत म्हणायचे.

थोरल्या काकांना हे कधीच पटलं नव्हतं, पण दगडावर कोरायची वेळ येईपर्यंत ते गप्प होते. काका गावातच राहिले, दोन म्हशी आणि थोडी कोरडवाहू जमीन, एकदा पंचायतीत निवडूनही आलेले. मजकूर ठरवायच्या बैठकीत ते उठले.

"दोर टाकलेबिकले काई न्हाई," ते म्हणाले. "गरीब मानूस दोर टाकून कशापायी जाईल? इकले आन् घरी आला. त्या साली दुष्काळ हुता. मी अंगावर पीत हुतो, तापानं फनफनलो हुतो. मिशनच्या दवाखान्यात नेलं, तिथं औषध भेटलं, ज्वारीबी भेटली. मी वाचलो, म्हनून बाप ख्रिस्ती झाला. हे लिवा."

बाबांचा चेहरा उतरला. त्याचं कारण बाहेरच्याला कळणार नाही. आमच्या लोकांना गावात कुणाशी वाद झाला की एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: दुधाच्या भुकटीवर बाटलेली माणसं. बाबांनी ते शाळेत ऐकलं होतं, नोकरीत ऐकलं होतं. आयुष्यभर त्यांनी त्यावर एकच उत्तर तयार ठेवलं होतं, ते नेकनूरच्या बाजारातलं. आता सख्खा भाऊ चर्चच्या दर्शनी भिंतीवर ज्वारी कोरायला निघाला होता.

"भाऊ, तू पाळण्यात होतास. तुला काय आठवतं?"

"आन् तू? तू तर जन्मलाबी न्हवतास."

बाबा उठून घरी आले. मी त्यांना म्हणाले, "बाबा, दोन्ही खरं असेल की. बाजारात ऐकलं असेल, नंतर काका आजारी पडले असतील. तुम्हीच असं जुळवता."

"ते पवित्र शास्त्र आहे," बाबा म्हणाले. "हा तुझा काका आहे."

पुढचे महिने अवघड गेले. काका उपासनेला यायचे आणि उजवीकडच्या बाकावर बसायचे. बाबा डावीकडे गेले. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब म्हणायचे की ज्याचं भावाशी काही असेल त्यानं आधी समेट करावा. तेव्हा दोघंही अगदी नम्रपणे माना खाली घालून पुढे व्हायचे, वेगवेगळ्या रांगेतून. त्याच काळात बाबांनी ओट्यावर प्रभूच्या रिकाम्या कबरेपाशी देवदूत एक होता की दोन हे इतकं सुंदर सोडवून दाखवलं की पाळकसाहेबांनीही ऐकून घेतलं. दोन होते, बोलला एक. ज्यानं बोलणारा पाहिला त्यानं एक लिहिला.

भिंत वर आली, दगडाची जागा मोकळी राहिली. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, "तुमच्या मोठ्या बहीणबाई आहेत ना? त्यांना विचारू."

आत्या सिरसाळ्याला दिलेली. ऐंशीच्या पुढे गेलेली, पण दाताखाली शेंगदाणे फोडायची. आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ती सहा-सात वर्षांची होती, म्हणजे तिघा भावंडांत तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेली ती एकटीच. इतकी वर्षं तिला कुणी विचारलं का नव्हतं, हा प्रश्न मलाही तेव्हा पडला नाही. दोन्ही भाऊ तिला बोलवायला एका पायावर तयार झाले. ती आपल्याच बाजूनं बोलणार अशी दोघांची खात्री होती. मी एका शनिवारी गाडी करून तिला घेऊन आले. वाटेत ती झोपली, मध्ये एकदा उठून म्हणाली, "दोघं भांडायलेत व्हय? बरंय. मी इतक्या सालात पयल्यांदा माहेरी गाडीनं चाललेय."

दुपारी आमच्या ओसरीवर बसलो. बाबा खुर्चीवर, काका उंबऱ्याजवळ पायरीवर, पाळकसाहेब बाजेवर आणि आत्या खाली भिंतीला टेकून. तिला खुर्ची दिली होती, ती तिनं पिशवी ठेवायला वापरली.

"अक्का," बाबांनी सुरुवात केली, "दादा नेकनूरच्या बाजारात गेले होते, बरोबर?" आजोबांना ते तिघं दादाच म्हणायचे.

"गेलते की."

बाबांनी काकांकडे न बघता पाळकांकडे पाहिलं.

"आन् मी आजारी हुतो," काका म्हणाले, "दवाखान्यात नेलतं."

"नेलतं की. जगतोस का न्हाई असं झालतं."

आता काकांनी मान वर केली. पाळकसाहेब समाधानानं म्हणाले, "म्हणजे दोन्ही गोष्टी घडल्या."

"घडल्या," आत्या म्हणाली. "पर एकाच टायमाला. दादा नेकनूरवरून पुढं पोळ्याचे बाजार करत फिरत हुता, म्हनून तर मायनं एकटीनं नेलं ह्याला. मी तिच्या लुगड्याला धरून चाललेले. दादा घरी असता तर त्यानं जाऊ दिलं नसतं. त्याला देवऋषी पायजे हुता."

ती शेंगदाणे सोलत पुढे सांगत राहिली.

"दवाखान्यात लई दिस राह्यलो. तिथं एक नर्सबाई हुती. ती रोज सांजच्याला सांगायची. माय ऐकायची. ह्यो बरा झाला. मंग माय म्हनली, मला घ्या तुमच्यात. तिथंच दवाखान्याच्या हौदात घेतली तिनं दीक्षा. मी काठावर उभी हुते, तिचं लुगडं वलं झालं म्हनून मला हसू आलतं."

"आजी?" मी म्हणाले. "आजी आधी?"

"मंग. घरी आलो तर दादा बाजारातून आलेला. दोर इकलेले, गूळ आनलेला. मायच्या कपाळावर कुकू न्हाई बघून लई चिडला. बोलंना, जेवंना. बरेच दिस तसाच. मंग कटाळला. मायनं सांगितलं, भाकरी टाकीन, पर देव बदलनार न्हाई. एक दिस उठला आन् म्हनला, चल बाई, मलाबी बुडीव त्या हौदात."

"आणि उपदेशक? पेटी?" बाबांचा आवाज बारीक झाला होता.

"पेटीवाला हुता बाजारात. दादाला त्याचं गानं आवडायचं. नंतर म्हातारपणी दादा तेच सांगायचा समद्यांना. मायबी ऐकून घ्यायची. म्हनायची, सांगू दे, त्याला बरं वाटतंय."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी हात चोळले. "किती छान जुळतंय बघा. बाजारही खरा, दवाखानाही खरा, आणि..."

"पाळकसाहेब," काका म्हणाले, "अक्काचं वय झालंय."

"हो ना," बाबा म्हणाले.

सहा-सात महिन्यांत भावाला दिलेला हा त्यांचा पहिला होकार.

"सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय," काका पुढे म्हणाले. "दवाखान्यात शंभर बाया असत्यात. कुनाची तरी बगितली असंल दीक्षा."

"आणि आई असं परस्पर करणारी बाई नव्हती," बाबा म्हणाले. "वडिलांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही."

"कवाच न्हाई," काका म्हणाले.

मग दोघांनी मिळून आपल्या आईच्या आज्ञाधारकपणाचे एकेक दाखले सांगितले. एकानं सांगावं, दुसऱ्यानं पुरवणी जोडावी. एवढी एकवाक्यता मी त्यांच्यात पूर्वी कधी पाहिली नव्हती. बोलता बोलता बाबा खुर्चीवरून उठून पायरीवर काकांच्या शेजारी जाऊन बसले. मी आत्याकडे बघितलं. तिनं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "चहा टाक. दोघं येक झाले, झालं की काम."

दगडाचा मजकूर दोन भावांनी त्याच आठवड्यात एकत्र बसून तयार केला. त्यात बाजार आला, दुष्काळ आला. ज्वारी गळली आणि तिच्या जागी "प्रभूच्या कृपेचा अनुभव" आला. काकांचा ताप त्या अनुभवात धरला आहे असं बाबांनी त्यांना समजावलं. शेवट असा होता: "सहकुटुंब बाप्तिस्मा घेतला." मी मराठी शिकवते म्हणून शुद्धलेखन बघायला मजकूर माझ्याकडे आला. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. मी तसं सांगितलं, आणि विचारलं की आजीचा उल्लेख स्वतंत्र करता येईल का.

"सहकुटुंब म्हटलंय ना," बाबा म्हणाले.

अनावरणाला तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांना बोलावलं होतं. चर्चच्या रस्त्याला मुरूम त्यांनीच टाकून दिला होता. "यांच्या शुभहस्ते" म्हणून त्यांचं नाव दगडावर आधीच कोरलेलं होतं. सकाळी दहाचा कार्यक्रम. साडेअकराला त्यांच्या माणसाचा फोन आला की साहेब नारायणगडावरून निघालेत. बागायतदारांना दुसऱ्या कुणाचा फोन आला की साहेब बीडातून हललेलेच नाहीत. मांडवात दोन पक्ष पडले. एकच्या सुमाराला पुढाऱ्यांचे पुतणे आले, पांढऱ्या शर्टातले, आदबशीर. साहेबांना तातडीनं मुंबईला जावं लागलं, म्हणाले. पडद्याची दोरी हातात घेतली आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी विचारलं, "घरातलं सगळ्यात वडीलधारं कोण आहे? त्यांच्या हातानं होऊ द्या."

दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघेपर्यंत आत्या उठून चालायला लागली होती. तिनं दोरी ओढली. पडदा एका बाजूला अडकला, तो तिनं हातानं बाजूला केला आणि दगडाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं वाचायला लागली. त्याच मिशनच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. शेवटच्या शब्दावर ती थांबली.

"सहकुटुंब," ती म्हणाली. "आमच्या वेळंला कुटुंब म्हंजी बायको. म्हंजी मायच ना ही?"

"होय आत्या," मी म्हणाले.

"मंग हाय की ती." तिनं दगडावरून हात फिरवला. "अक्षर लई चांगलं काढलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुतण्यांनी तिच्या पाया पडून फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात आतल्या पानावर बातमी आली की साहेबांच्या हस्ते अनावरण झालं आणि त्यांनी मंडळीला मार्गदर्शन केलं. मांडवातले लोक चिडले. बाबा मात्र खूष झाले. पुढच्या रविवारी त्यांनी ओट्यावर पेपर उघडला. शताधिपतीचा, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचा, दास आजारी होता तेव्हा मत्तय म्हणतो तो स्वतः प्रभूकडे आला, लूक म्हणतो त्यानं वडीलमंडळींना पाठवलं, हा जुना पेच. "आता कळलं?" बाबा म्हणाले. "मोठा माणूस दुसऱ्याकडून करवतो, पण केलं त्यानंच म्हणायचं. मत्तयानं पेपरासारखं लिहिलं."

"मार्गदर्शनबी केलं म्हनतात," बागायतदार म्हणाले. "त्याचं कसं बसवायचं?"

त्यावर बाबांनी विचार करायला वेळ मागून घेतला.

थोड्याच दिवसांनी पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, आला. पाळकसाहेब दुसऱ्या गावी होते म्हणून संदेश बाबांनी दिला. विषय अर्थातच प्रभूच्या कबरेकडे गेलेल्या स्त्रिया. योहानात एकटी मरिया, मत्तयात दोघी, मार्कात तिघी, लुकात आणखी काही. योहानातली मरिया एकटी दिसते, पण ती बोलते तेव्हा "आम्हाला ठाऊक नाही" म्हणते. म्हणजे सोबत बाकीच्या होत्याच, बाबांनी दाखवून दिलं. तीन तास उन्हाळ्यात पंख्याशिवाय ऐकावं असं ते बोलले. सुदैवानं पाऊण तासात संपवलं. मी लुकाचं पान उघडून बसले होते. कबर रिकामी असल्याचं त्या स्त्रियांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना ते वायफळ वाटलं आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही, असं तिथे पुढे आहे. बाबा त्याच्या आधीच्या वचनाशी थांबले आणि आशीर्वाद देऊन मोकळे झाले.

घरी जेवताना मी विचारलं, "बाबा, पुढची ओळ का नाही घेतली?"

"कुठली?"

मी वाचून दाखवली. त्यांनी भाकरी कुस्करत ऐकून घेतली.

"त्यात विरोध कुठे आहे?" ते म्हणाले. "चारी ठिकाणी तसंच आहे, कमीजास्त. जुळवण्यासारखं काही नाही."

जेवण अर्धं राहिलं. ते हात धुऊन ओसरीवर गेले आणि बराच वेळ तिथेच होते. मला वाटलं, दुखावले. मग फोनवर बोलल्याचा आवाज आला, तोच स्टँडवरचा स्वच्छ आवाज.

"अक्का? जेवलीस? मी काय म्हणतो, तो हौद दवाखान्याच्या आत होता की मागच्या बाजूला?"

तेव्हापासून दर रविवारी ते सिरसाळ्याला फोन लावतात. नर्सबाई नगरची होती की इथलीच. आईसोबत आणखी कुणी पाण्यात उतरलं होतं का. गूळ आधी आणला की नंतर. पलीकडून आत्याचं हसणं मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. तिला हा फोन फार आवडतो. त्यासाठी ती जेवण लवकर उरकते असं तिची सून सांगते. कधी हौद असतो, कधी विहीर असते. मागच्या खेपेला नर्सबाया दोन झाल्या होत्या.

"दर वेळेला वेगळंच सांगते ही," फोन ठेवून बाबा वैतागून म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून माझ्यासमोर बसले. "आता बघ. दोघी असतील, पण शिकवणारी एक असेल. म्हणून कधी ती एक म्हणते, कधी दोन. आणि दवाखान्याच्या हौदाला पाणी विहिरीचंच असणार ना?"